डिस्को नेमका कधी मेला? विरारहून पाहिलेली गोष्ट

डिस्कोच्या मृत्यूची तारीख संगीतप्रेमींना तोंडपाठ असते : १२ जुलै १९७९. शिकागोच्या कोमिस्की पार्क मैदानात त्या दिवशी बेसबॉलचे लागोपाठ दोन सामने होते. स्टीव्ह डाल या रेडिओ निवेदकाने श्रोत्यांना सांगितलं होतं, की डिस्कोची एक रेकॉर्ड आणा आणि ९८ सेंटमध्ये सामना बघा. सुमारे ५० हजार माणसं लोटली. पहिला सामना संपल्यावर डालने पेटाराभर रेकॉर्ड स्फोटाने उडवल्या, प्रेक्षक मैदानात घुसले, हिरवळीची पार वाट लागली आणि यजमान व्हाइट सॉक्स संघाला दुसरा सामना गमवावा लागला.

धक्का खरा होता, हे मान्य करायला हवं. जुलैत बिलबोर्ड या अमेरिकी संगीत-साप्ताहिकाच्या यादीत वरची सहाच्या सहा गाणी डिस्कोची होती आणि सप्टेंबर सरता सरता पहिल्या दहात एकही उरलं नाही. पण संगीत असं एका रात्रीत संपत नाही. 'शीक' या डिस्को गटाचं 'गुड टाइम्स' त्या दंग्यानंतरच्या ऑगस्टमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचलं. त्याच गाण्याच्या बेसवर सप्टेंबरात 'रॅपर्स डिलाइट' आलं आणि रॅप घराघरांत ऐकू येऊ लागलं. खुद्द शिकागोत, वेअरहाउस नावाच्या क्लबात, फ्रँकी नकल्स हा डीजे डिस्कोच्या रेकॉर्ड कापून, जोडून, लांबवून वाजवत होता. त्यातून 'हाउस' संगीत जन्मलं, त्याचं नावही त्या क्लबावरूनच पडलं. मैदानातल्या त्या रात्री तिथे काम करणारा विन्स लॉरेन्स हा कृष्णवर्णीय तरुण पुढे हाउसच्या पहिल्यावहिल्या रेकॉर्ड करणाऱ्यांपैकी एक ठरला. त्याने पुढे सांगितलं, की लोकांनी जाळायला आणलेल्या ढिगात डिस्कोशी संबंध नसलेल्या कृष्णवर्णीय गायकांच्याही रेकॉर्ड होत्या. त्या रात्रीचा राग निव्वळ एका तालावरचा नव्हता, हे यावरून दिसतं.

मुंबईच्या हिशेबाने तर ही तारीख साफच फसते. अमेरिकेने ज्याला मूठमाती दिली, त्याचं इथे बारसं व्हायचं होतं. आणि त्याची सगळ्यात सुरस कथा क्लबांच्या कुलाब्यात घडली नाही, ती पश्चिम रेल्वेच्या लोकलच्या तेव्हाच्या शेवटच्या स्थानकावर, विरारला घडली. वसई-विरार तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. पालघर जिल्हा झाला तो २०१४ साली.

'विरार का छोकरा' हे नट गोविंदाचं नाव सर्वांना माहीत आहे. त्याच्याबद्दलचा समज असा, की घरात कलेचा गंध नसलेला, परिस्थितीने गांजलेला एक पोरगा सिनेमे बघून नाचायला शिकला. गांजलेला होता, हे खरं. बाकीचं चुकीचं. त्याचे वडील अरुण आहुजा हे मेहबूब खान यांच्या १९४० सालच्या 'औरत'मधले नट. याच 'औरत'वरून मेहबूब यांनी पुढे 'मदर इंडिया' काढला. आई निर्मला देवी या पतियाळा घराण्याच्या नावाजलेल्या ठुमरी गायिका. लक्ष्मी शंकर यांच्याबरोबरची त्यांची ठुमऱ्यांची रेकॉर्ड जाणकार आजही जपून ठेवतात. वडिलांनी स्वतः चित्रपट काढला, तो बुडाला आणि कुटुंब वांद्र्याचा बंगला सोडून विरारला आलं. म्हणजे हे घर सुरांचं आणि सिनेमाचंच होतं, फक्त पैसा गेला होता.

गोविंदाने वसईच्या अण्णासाहेब वर्तक महाविद्यालयातून वाणिज्य शाखेची पदवी घेतली. 'डिस्को डान्सर' हा चित्रपट पाहून तो झपाटला, तासन्‌तास सराव करू लागला आणि स्वतःच्या नाचाची व्हीएचएस कॅसेट निर्मात्यांकडे फिरवू लागला. नृत्यदिग्दर्शिका सरोज खान यांच्याकडे तो नाच शिकला. त्याच्यापाशी द्यायला पैसे नव्हते आणि त्यांनी ते मागितले नाहीत, हे त्यांनीच मुलाखतींत सांगितलेलं आहे. १९८६ साली 'इल्जाम' आला. त्यातल्या संगीतकार बप्पी लाहिरींच्या चालीवर रस्त्यावर नाचणारा हा पोरगा रातोरात सर्वांना माहीत झाला. शिकागोच्या त्या रात्रीला तेव्हा जवळपास सात वर्षं होत आली होती.

हिंदी डिस्कोची सुरुवात 'डिस्को डान्सर'ने झाली, असंही सर्रास म्हटलं जातं. तो चित्रपट आला डिसेंबर १९८२ मध्ये. त्याच्या अडीच वर्षं आधी, १९८० साली, फिरोज खान यांच्या 'कुर्बानी'ने हे दार उघडलं होतं. चित्रपटाचं संगीत कल्याणजी-आनंदजींचं, पण एक गाणं लंडनस्थित बिद्दू यांचं. बंगळूरला वाढलेले बिद्दू तोवर विलायतेत नाव काढून बसले होते. १९७४ सालचं 'कुंग फू फायटिंग' हे जगभर गाजलेलं गाणं त्यांच्याच हाताखाली तयार झालं होतं. त्यांनी जेमतेम पंधरा वर्षांच्या नाझिया हसन या पाकिस्तानी मुलीकडून 'आप जैसा कोई' गाऊन घेतलं आणि तिला फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी 'कर्ज'मध्ये लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांनी फिरत्या तबकडीवर ऋषी कपूरला नाचवलं. १९८१ मध्ये नाझियाचा 'डिस्को दीवाने' हा चित्रपटाशी संबंध नसलेला अल्बम तुफान खपला. 'डिस्को डान्सर' या लाटेचं शिखर होता. सोव्हिएत संघात तर त्याची सहा कोटींहून अधिक तिकिटं गेली.

हिंदी डिस्कोवरचा चोरीचा आरोप जुनाच आहे आणि त्यात तथ्यही आहे. 'डिस्को डान्सर'मधल्या बप्पी लाहिरींच्या 'जिमी जिमी'ची चाल फ्रान्सच्या 'ओटावान' गटाच्या गाण्यावर बेतलेली आहे. 'प्यारा दुश्मन'मधलं उषा उथुप यांचं 'हरि ओम हरि' थेट 'वन वे टिकट'वरून आलं. झाकायचं काही कारण नाही. पण त्यावरून 'सगळंच उचललेलं' असं म्हणणं अन्याय आहे, कारण वाहतूक दुतर्फा होती. १९८१ सालच्या 'ज्योती'मधलं लताबाईंनी गायलेलं बप्पीदांचं गाणं २००२ मध्ये अमेरिकेतल्या ट्रुथ हर्ट्स या गायिकेच्या 'अ‍ॅडिक्टिव्ह'मध्ये विनापरवाना वापरलं गेलं. प्रकरण लॉस एंजेलिसच्या न्यायालयात गेलं. लाहिरींचं नाव दिल्याखेरीज अल्बम विकता येणार नाही, असा आदेश २००३ मध्ये झाला. आणि 'जिमी जिमी' लंडनच्या एम.आय.ए. या गायिकेने २००७ साली पुन्हा गायलं, ते हिंदी चित्रपटातलं गाणं म्हणूनच.

सगळ्यात खोल रुतलेला गैरसमज मात्र वेगळाच आहे : डिस्को हे यंत्राचं संगीत, त्यात राग ना ताल, ते करणारे अडाणी. बप्पी लाहिरींचे आईवडील, अपरेश आणि बांसुरी, दोघेही बंगालमधले गायक. बप्पी अगदी लहानपणी तबल्यावर बसले. 'ऐतबार'मधल्या त्यांच्या गझला ऐकल्या, की अंगावरच्या सोन्याच्या साखळ्यांपलीकडचा संगीतकार दिसतो.

तालाचंच बघा. डिस्कोत पायाने वाजणारा मोठा ड्रम मोजून प्रत्येक ठोक्याला पडतो, मिनिटाला साधारण १२० वेळा. दोन ठोक्यांच्या मधोमध हाय-हॅटची झांज 'त्स' करून उघडते. केरव्याच्या आठ मात्रा या चार ठोक्यांत दोन-दोन करून बिनबोभाट बसतात. त्यामुळे आपल्याकडच्या ढोलकीवाल्याला, ढोलवाल्याला या तालात काहीच परकं वाटलं नाही. वरून यंत्राचा ठोका चालू ठेवायचा आणि आतल्या जागा हाताने भरायच्या, हे तंत्र वादकांनी चुटकीसरशी उचललं.

रागांचंही तसंच. चरणजितसिंग हे मुंबईच्या चित्रपटसृष्टीतले जुने वादक. १९८२ मध्ये त्यांनी रोलँड कंपनीची तीन यंत्रं घेतली : ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३ हे बेसयंत्र. त्यांवर भैरव, ललित, यमन असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवून त्यांनी एचएमव्ही या कंपनीसाठी रेकॉर्ड केली. कोणी विचारलं नाही. २०१० साली ती परदेशात पुन्हा निघाली आणि ऐकणारे चक्रावले, कारण शिकागोचं 'अ‍ॅसिड हाउस' याच टीबी-३०३वर उभं राहिलं होतं, तेही पाच वर्षांनी, १९८७ मध्ये. यातून उलटा गैरसमजही जन्मला, की अ‍ॅसिड हाउसचा शोध मुंबईत लागला. शिकागोच्या पोरांनी ही रेकॉर्ड ऐकल्याचा कसलाही पुरावा नाही. तेच यंत्र दोन शहरांत दोन वाटांनी बोललं. चरणजितसिंग यांचं मोठेपण त्याने तसूभरही कमी होत नाही.

मग हे सगळं वसई-विरारला पोचलं कसं? क्लबांतून नक्कीच नाही. ते पोचलं कॅसेटमधून. रेकॉर्ड प्लेअर श्रीमंताघरी असे. टेपरेकॉर्डर ऐंशीच्या दशकात रिक्षात, चहाच्या टपरीवर, वाडीतल्या घरात शिरला. गुलशन कुमार यांच्या टी-सीरिजने स्वस्त कॅसेट काढून एचएमव्हीची मक्तेदारी मोडली. नवरात्रात विरारच्या जीवदानी देवीच्या डोंगरावर रीघ लागायची आणि खाली मैदानांत गरबा रंगायचा. तिथे कल्याणजी-आनंदजींचे भाऊ बाबला यांचा 'डिस्को दांडिया' आला. पारंपरिक दांडियाला ड्रम, बेस आणि सिंथेसायझरची जोड मिळाली.

मराठीही यापासून दूर राहिली नाही. १९८७ सालच्या 'गंमत जंमत'मध्ये अरुण पौडवाल यांनी चक्क किशोरकुमार यांना मराठीत गायला लावलं, तेही ड्रम-गिटारच्या झोकात. आगरी-कोळी हळदीतल्या बेंजो पार्टीने तर हा ठेका कायमचा आपलासा केला. बेंजोच्या तारांवर टाइपरायटरसारखी बटणं असतात, डाव्या हाताने ती दाबायची आणि उजव्या हाताने तारा छेडायच्या. आवाज पिकअपमधून अ‍ॅम्प्लिफायरला जातो. त्याच्या जोडीला ऑक्टापॅड, म्हणजे आठ रबरी पॅडांचं यंत्र, काठ्यांनी वाजवायचं. रोलँडने ते १९८५ मध्ये बाजारात आणलं. हळदीत आज जो 'धक-धक' छातीत घुमतो, त्यातला बराचसा या यंत्रातून निघतो. खाली ठेका डिस्कोचा, वर चाल कोळीगीताची, आणि नाचणाऱ्यांना दोन्ही आपलेच वाटतात.

उरला तो '१९८८ साली "कयामत से कयामत तक" आला, मेलडी परतली आणि डिस्को संपला' हा समज. मेलडी परतली, यात वाद नाही. नाचाचा वेग मात्र ओसरला नाही आणि माणसंही तीच राहिली. गोविंदाने चमकत्या फरशीवरच्या गिरक्या कमी केल्या. मान, खांदे आणि डोळ्यांचा खेळ वाढवला. ठुमरीतली अदा घरातच पाहिलेल्या माणसाला ते जड गेलं नसावं. १९९३ साली डेव्हिड धवन यांचा 'आँखें' वर्षातल्या सर्वांत मोठ्या यशस्वी चित्रपटांपैकी एक ठरला. नायक विरारचा गोविंदा होता आणि संगीत बप्पी लाहिरींचं.