लघवीत जंतू आहेत, पण आजार आहे का?

डिमेन्शिया असलेल्या आजी दोन दिवस नेहमीपेक्षा जास्त गोंधळलेल्या असतात. ताट ढकलून देतात, रात्री हाका मारत राहतात. नर्स लघवीचा नमुना पाठवते, रिपोर्टमध्ये जंतू निघतात आणि संध्याकाळी अँटिबायोटिक सुरू होतं. अमेरिका-कॅनडातल्या वृद्धांच्या निवासी शुश्रूषा केंद्रांत हा क्रम अगदी अंगवळणी पडलेला आहे. तिथे वर्षभरात ७० टक्क्यांपर्यंत वृद्धांना एकदा तरी अँटिबायोटिक दिलं जातं, आणि त्यातलं ४० ते ७५ टक्के अनावश्यक किंवा अयोग्य असू शकतं, असं अमेरिकेची सीडीसी ही सरकारी आरोग्यसंस्थाच सांगते.

गैरसमज : गोंधळ वाढला म्हणजे लघवीचं इन्फेक्शनच.

सगळ्या घोळाचं मूळ इथे आहे. अशा केंद्रांतल्या २५ ते ५० टक्के स्त्रियांच्या लघवीत कसलाही त्रास नसताना जंतू असतात. पुरुषांतही हे प्रमाण बरंच मोठं आहे, आणि कायमचा कॅथेटर असेल तर जवळजवळ सगळ्यांच्या लघवीत ते सापडतात. म्हणजे आजी ठणठणीत असतानाही नमुना पाठवला असता तरी रिपोर्ट कदाचित असाच आला असता. जंतू तिथे राहत असतात, एवढंच त्यातून कळतं. चिडचिड त्यांच्यामुळे झाली, हे रिपोर्ट सांगू शकत नाही. लघवी गढूळ दिसणं किंवा तिला वास येणं हाही पुरावा नव्हे. पाणी कमी प्यायलं तरी वास येतो.

मग काय पाहायचं? कॅनडातले डॉ. मार्क लोब आणि सहकाऱ्यांनी २००१ साली किमान निकष ठरवून दिले. कॅथेटर नसेल तर लघवी करताना नव्याने होणारी जळजळ, किंवा तापासोबत वारंवार लघवी लागणं, ओटीपोटात दुखणं, लघवीतून रक्त जाणं यांपैकी काही. अमेरिकेच्या संसर्गरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये आणखी स्पष्ट केलं : नुसता गोंधळ वाढला किंवा रुग्ण पडला, ताप नाही, लघवीचा त्रास नाही, तर अँटिबायोटिक न देता दुसरी कारणं शोधा आणि लक्ष ठेवा. ही कारणं बहुधा साधी असतात. बद्धकोष्ठ, शरीरातलं पाणी कमी होणं, दुखणारा गुडघा, बदललेली झोपेची गोळी, बंद पडलेलं श्रवणयंत्र. रिपोर्ट हातात आला की ती शोधायचं कुणाला सुचत नाही, हे मला अँटिबायोटिकपेक्षाही मोठं नुकसान वाटतं.

अर्थात थंडी वाजून ताप, धाप, रक्तदाब उतरणं किंवा जागं न होण्याइतकी सुस्ती असेल तर थांबायचं नाही. डॉक्टरांना लगेच बोलवायचं.

गैरसमज : एक कोर्स देऊन टाकला तर बिघडलं कुठे?

बिघडतं. आतड्यातले उपयोगी जंतू मेले की क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल नावाचा जंतू माजतो आणि जुलाबांनी वृद्ध माणूस खंगतो. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनचा परिणाम काही अँटिबायोटिकांमुळे वाढतो आणि रक्तस्रावाचा धोका येतो. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटातल्या औषधांनी तर खुद्द गोंधळच वाढू शकतो. ज्यासाठी औषध दिलं तेच बळावलं, की दुसरा कोर्स!

गैरसमज : अँटिबायोटिक न देणं म्हणजे माणसाला सोडून देणं.

हा प्रश्न नातेवाइकांना खरा छळतो. बोस्टनच्या डॉ. सुसान मिचेल आणि सहकाऱ्यांनी डिमेन्शियाच्या शेवटच्या टप्प्यातल्या लोकांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. २०१० च्या त्यांच्या निष्कर्षानुसार न्यूमोनियात अँटिबायोटिक घेतलेले रुग्ण जास्त जगले, पण त्यांना जास्त आराम मिळाला असं दिसलं नाही. सलाइन आणि रुग्णालयातली धावपळ यांचा त्रास वेगळाच. आयुष्य वाढवणं की त्रास कमी करणं, हे कुटुंबाने ठरवायचं. पण ते रात्री दोनच्या फोनवर नव्हे, आधी डॉक्टरांसोबत बसून. आराम निवडला तरी ताप उतरवणं, वेदनाशामक, धाप कमी करणारी औषधं हे सगळं चालूच राहतं.

आपल्याकडे बहुतेक डिमेन्शियाचे रुग्ण घरीच असतात, आणि लॅबचा माणूस नमुना न्यायला दारात येतो. त्याला फोन करण्याआधी थर्मामीटर लावावा, दिवसभरात पाणी किती गेलं ते आठवावं, पोट कधी साफ झालं ते विचारावं. डॉक्टरांना रिपोर्टइतकंच हेही सांगावं.