विषाला मंत्र कळत नाही!

मृगाचा पाऊस पडला की वाशिम जिल्ह्यात पेरणीची धांदल उडते, आणि त्याच दिवसांत माणसांना 'पान लागते'. मालेगाव तालुक्यातील मेडशीसारख्या गावात सापाच्या वाटेत येतो तो कोण? सोयाबीनच्या निंदणाला वाकलेली मजूर बाई, रात्री शेतात जाणारा गडी, जमिनीवर झोपलेले पोर. माडीवर झोपणाऱ्याला ही भीती फारशी नसते. म्हणून श्रद्धा आणि विज्ञानाचा झगडा आम्ही कष्टकऱ्यांच्या जगण्यामरण्याचा प्रश्न मानतो.

'मांत्रिकाने विष उतरवले, आम्ही डोळ्यांनी पाहिले,' असे गावोगाव सांगितले जाते. सांगणारे खोटे बोलत नाहीत. धामण, दिवड, कवड्या हे साप बिनविषारी असतात. विषारी साप चावला तरी तो दरवेळी विष सोडतोच असे नाही. असा माणूस मंत्र टाकला तरी वाचतो, न टाकला तरी वाचतो. श्रेय मात्र मांत्रिक घेतो. नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसे यांचे विष अंगात भिनले की मंत्र हरतो. मग 'त्याची वेळच भरली होती' असे सांगायचे. वाचला तर मंत्राने, मेला तर नशिबाने! ज्या श्रद्धेला कधी हरताच येत नाही, तिची परीक्षा करायची कशी?

विज्ञान मेलेल्यांचाही हिशेब ठेवते. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने मांडला. मण्यारचा दंश फारसा दुखत नाही, सूजही नसते; काही तासांनी पापण्या जड होतात आणि अखेर श्वास थांबतो. घोणसच्या विषाने रक्त गोठेनासे होते, मूत्रपिंडे निकामी होतात. घोड्याला थोडे थोडे विष टोचून त्याच्या रक्तात तयार होणाऱ्या प्रतिद्रव्यांपासून सर्पदंशाची लस बनते. ती वेळेत मिळाली तर माणूस वाचतो. मांत्रिकाच्या दारात जातो तो नेमका हाच वेळ.

आता थोडे आमच्याच घरात पाहू. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. घरातले देव गेले. पण परित्राणाचा पांढरा धागा काही घरांत ताईत होऊन बसला. कोणी म्हणेल, 'सापावर तर आपलेही परित्त आहे.' आहे, खंध परित्त आहे. सर्पदंशाने एक भिक्खू मरण पावला, तेव्हा सापांच्या चार कुळांविषयी मैत्री भावना करण्यास सांगणारी ही देशना पाली साहित्यात येते. परंतु त्याच विनयपिटकात साप चावलेल्या भिक्खूला औषध घेण्याची परवानगीही आहे. शेण, मूत्र, राख आणि माती हे त्या काळचे औषध. परित्त पाठ असलेल्या संघालाही औषधाची गरज होतीच ना? आजचे औषध ही लस आहे. मैत्रीने साप दिसताच काठी उचलणारा हात थांबेल. रक्तातले विष मात्र थांबणार नाही. धर्म बुद्धीशी, म्हणजेच विज्ञानाशी, सुसंगत असला पाहिजे, हे बाबासाहेबांनी १९५० मध्येच लिहून ठेवले आहे.

कायदाही आमच्या बाजूने आहे. संविधानाचे कलम २५ धर्मस्वातंत्र्य देते. पण ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. कलम ५१-क वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणे हे नागरिकाचे कर्तव्य ठरवते. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. कुत्रा, साप वा विंचू चावलेल्याला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा या कायद्याने गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे, दंड पाच हजार ते पन्नास हजार रुपये.

पण कायदा मांत्रिकाला रोखेल, लस आणून देणार नाही. मध्यरात्री मांत्रिक हाकेला ओ देतो आणि दवाखान्याचे दार बंद असते, तेव्हा गरीब माणूस मांत्रिकाकडेच जाणार. त्याला अडाणी म्हणून हिणवणे सोपे आहे. 'आमच्या आरोग्य केंद्रात लस किती आहे? रात्री डॉक्टर असतो का?' हे ग्रामसभेत उभे राहून विचारणे अवघड आहे. तेच काम चळवळीचे आहे.

तेव्हा येत्या वर्षावासात प्रत्येक विहारात ग्रंथवाचनानंतर दहा मिनिटे सर्पदंशावर बोला. दंश झालेला हातपाय हलवू नका, जखम कापू नका, चोखू नका, करकचून बांधू नका. थेट दवाखाना गाठा. भिंतीवर १०८ क्रमांक लिहा. तथागतांनी तपासून पाहायला शिकवले. त्या शिकवणीने मेडशीच्या रानातली एक मजूर बाई वाचली, तर धम्म खऱ्या अर्थाने गावात पोहोचला असे आम्ही समजू.