चाकाखालचे शास्त्र, भाग 6 : स्प्रिंग कडक झाली, गाडी का उठली?

मागच्या भागात स्प्रिंगचा कडकपणा किलो प्रति मिलिमीटरमध्ये कसा मोजतात ते पाहिले. आता ती कडक स्प्रिंग स्पोर्ट्स कारमध्ये बसली, असे समजू. मालकाला वाटत असते की गाडी आता रस्त्याला चिकटून उभी राहील. जॅक काढला की दिसते ते उलटेच. चाक आणि मडगार्ड यांच्यातली फट वाढलेली असते आणि गाडी जीपसारखी ताठ उभी असते.

यात बिघाड काहीच नाही. रॉबर्ट हूकने 1678 मध्ये मांडलेला नियमच इथे लागू होतो : स्प्रिंग किती दबेल, ते तिच्यावरच्या भाराच्या प्रमाणात ठरते. एका चाकाच्या स्प्रिंगवर गाडीचा 300 किलो भार आहे असे धरू. कंपनीची स्प्रिंग 3 किलो प्रति मिलिमीटरची असेल, तर ती नुसत्या उभ्या गाडीखाली 100 मिलिमीटर दबते. तिच्या जागी तेवढ्याच लांबीची 5 किलोची स्प्रिंग घातली की तोच भार तिला 60 मिलिमीटरच दाबू शकतो. उरलेल्या 40 मिलिमीटरने गाडी वर राहते. म्हणून कडक स्प्रिंगा बनवणारे त्यांची लांबीही कमी ठेवतात, नाहीतर स्प्रिंगची वाटी खाली-वर करण्याची सोय देतात.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरीत स्पोर्ट्स कार दुर्मीळच, पण हा नियम तिथे रोज दिसतो. धान आणि कापूस वाहणाऱ्या पिकअपला मागच्या कमानीत, म्हणजे पाट्यांच्या स्प्रिंगमध्ये, एखादा जादा पाटा चढवून घेणे हा या पट्ट्यातला नेहमीचा उपाय आहे. त्याचे कारण रस्त्यात आहे. सूरजागडचे लोहखनिज वाहणारे अवजड ट्रक आलापल्ली-आष्टीकडून याच बाजूने चंद्रपूरकडे धावत आले आहेत, आणि पावसाळ्यात वैनगंगा-वर्धेचे पाणी रस्त्याला लागले की उरलेसुरले डांबरही निघून जाते. खड्ड्यात भरलेली गाडी आपटली की पाटा तुटतो. मग नवा घालताना चालक म्हणतो, ‘एक वाढवूनच टाका.’

पाटा वाढला की कमान कडक होते आणि रिकाम्या गाडीची मागची बाजू उचलली जाते. मागची बाजू उठली की पुढची नाक खाली घालते. त्याने हेडलाइटचा झोत जवळच्या रस्त्यावर पडतो आणि रात्री जंगलातून जाताना पुढचे रानडुक्कर उशिरा दिसते. पुढच्या चाकांचा कॅस्टर कोनही कमी होतो. वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येते ते याच कोनामुळे. तो घटला की सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग सारखे सावरत बसावे लागते.

सगळ्यात गंभीर गोष्ट मात्र डोळ्यांना दिसत नाही. अनेक पिकअप आणि व्हॅनमध्ये मागच्या अ‍ॅक्सलजवळ भारानुसार ब्रेक वाटून देणारा एक वाल्व्ह असतो. अ‍ॅक्सल आणि चॅसिस यांच्यामध्ये एक दांडी किंवा स्प्रिंग जोडलेली असते, तिच्यावरून त्याला गाडी किती दबली आहे ते कळते. गाडी दबलेली असेल तर माल भरलेला आहे असे धरून तो मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. गाडी उठलेली असेल तर रिकामी समजून दाब कमी करतो, कारण रिकाम्या गाडीची मागची चाके जाम होऊन ती घसरण्याचा धोका असतो. आता जादा पाटा घातलेली, दीड टन धान भरलेली पिकअप घ्या. ती पूर्वीइतकी दबतच नाही. वाल्व्हला वाटते, गाडी अर्धी रिकामी आहे. मागच्या ब्रेकला दाब कमी मिळतो, थांबवायचा जास्त बोजा पुढच्या चाकांवर पडतो आणि थांबायचे अंतर वाढते. त्यामुळे पाटा वाढवल्यावर ही दांडी कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे पुन्हा जुळवून घेणे हा त्याच कामाचा भाग आहे. गॅरेजमध्ये नेमका तोच राहून जातो.

पिकअपला उंची कमी करण्याची सोय जवळपास नसतेच. स्पोर्ट्स कारला असते, म्हणून चुकायला वावही जास्त.

स्पोर्ट्स कारची उंची जुळवण्याचे काम सुरू होते ते स्प्रिंग काढण्याआधी. सपाट फरशीवर, टायरमध्ये ठरलेली हवा भरून, टाकी अर्धी ठेवून आणि चालकाच्या वजनाइतकी पोती सीटवर ठेवून चारही चाकांची मापे घ्यायची. माप जमिनीपासून न घेता चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत घ्यायचे, म्हणजे टायरची झीज आणि हवेचा दाब हिशेबात घुसत नाहीत. नव्या स्प्रिंगा बसवून गाडी खाली उतरवली की लगेच मोजायला धावू नये. जॅकवरून उतरताना टायर आडवे फरशीला धरून राहतात आणि गाडी खोटी उंच दिसते. ती थोडी पुढेमागे ढकलायची, चारही कोपरे दाबून सोडायचे आणि मग मोजायचे. सस्पेन्शनच्या हातांमधल्या रबरी बुशांचे बोल्टही गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळायचे. हवेत लटकत्या चाकावर आवळले तर रबर पिळलेलेच राहते, गाडीला वर ढकलते आणि लवकर फाटते.

आता वाटी फिरवायची. मॅकफर्सन स्ट्रटमध्ये वाटी 10 मिलिमीटर उतरवली की गाडीही जवळजवळ तेवढीच उतरते. दुहेरी विशबोनमध्ये स्प्रिंग चाकापेक्षा आत बसलेली असते. चाक 10 मिलिमीटर हलले की स्प्रिंग समजा 7 मिलिमीटरच हलते. तिथे गाडी 40 मिलिमीटर उतरवायला वाटी 28 मिलिमीटरच पुरते. हे प्रमाण ठाऊक नसलेला माणूस दर वेळी जास्त उतरवतो आणि पुन्हा चढवत बसतो.

वाटी फार खाली नेली की आणखी एक अडचण येते. गाडी उचलली किंवा चाक खड्ड्यात लटकले की स्प्रिंग सैल होते आणि जागेवरून सरकू शकते. त्यासाठी चांगल्या कॉइलओव्हरमध्ये, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बरच्या एकत्र जोडीत, दोन स्वतंत्र आटे असतात. वरचा आटा स्प्रिंग धरून ठेवतो, तर खालचा शॉकॲब्सॉर्बरची एकूण लांबी कमी-जास्त करतो. उंची खालच्या आट्याने जुळवली तर स्प्रिंग सैल पडत नाही आणि शॉकॲब्सॉर्बरच्या दांड्याची चालही तशीच राहते.

चारही मापे सारखी आली म्हणजे काम संपले असे नाही. एक पाय आखूड असलेला चौरंग जसा दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांवर डुलतो, तसे एका चाकाची वाटी चढवली की भार त्या चाकावर आणि त्याच्या तिरप्या समोरच्या चाकावर जातो, उरलेली दोन हलकी होतात. अशी गाडी एका बाजूला चपळ वळते आणि दुसऱ्या बाजूला नाखुशीने. शर्यतीच्या गाड्या म्हणूनच चार वेगळ्या वजनकाट्यांवर उभ्या करून जुळवतात. त्यानंतर अलाइनमेंट. उंची बदलली की कॅम्बर (चाकाचा आत-बाहेरचा कल) आणि टो (चाकांच्या पुढच्या कडांचे आत-बाहेर वळणे) दोन्ही बदलतात, आणि टो चुकला तर टायरची आतली कड काही हजार किलोमीटरमध्ये खाल्ली जाते. नव्या स्प्रिंगा सुरुवातीला थोड्या बसतात, त्यामुळे काहीशे किलोमीटर चालवून मापे पुन्हा घ्यावीत.

मग गाडी किती खाली आणावी? इथे भारतीय रस्त्याचे गणित मदतीला येते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 1988 च्या मार्गदर्शिकेत प्रमाण गतिरोधक 3.7 मीटर रुंद, 10 सेंटिमीटर उंच आणि 17 मीटर त्रिज्येच्या वर्तुळाच्या तुकड्यासारखा असावा असे म्हटले होते. पोर्शे 911 आणि महिंद्रा थार यांच्या पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर सारखेच आहे, 2,450 मिलिमीटर. एवढ्या अंतराच्या गाडीच्या पोटाला असा गतिरोधक ओलांडायला 44 मिलिमीटर मोकळी जागा पुरते. पण गाडीचे नाक पुढच्या चाकाच्या मध्यापासून एक मीटर पुढे आलेले असेल, तर चाक चढायच्या आधीच नाकाला सुमारे 80 मिलिमीटर लागतात. नाक जमिनीपासून 110 मिलिमीटरवर असलेली गाडी सुटते. तीच 40 मिलिमीटर उतरवली की अडकते. गावोगावी एका रात्रीत उभे राहणारे अरुंद, खडे उंचवटे तर या गणितात बसतच नाहीत. पोर्शेने 911 साठी पुढचा भाग सुमारे 40 मिलिमीटर उचलणारी यंत्रणा दिली, आणि नव्या गाड्यांत ती कुठे वापरली होती ते ठिकाण लक्षात ठेवण्याचीही सोय केली.

मग स्पोर्ट्स कार खाली आणायचीच कशाला? गुरुत्वमध्य खाली आला की वळणावर बाहेरच्या चाकांवर कमी भार सरकतो. कडक स्प्रिंगमुळे ते परवडतेही. खड्ड्यात भार दुप्पट झाला तर 3 किलोची स्प्रिंग आणखी 100 मिलिमीटर दबेल, 5 किलोची 60. चालीतून वाचलेले हे 40 मिलिमीटर गाडी खाली आणण्यात खर्च करता येतात किंवा खड्ड्यांसाठी राखून ठेवता येतात. डांबरी रॅलीत पथके पहिला मार्ग धरतात. नाशिक परिसरात झालेल्या रॅली ऑफ महाराष्ट्रसारख्या कच्च्या वाटेच्या शर्यतीत मऊ स्प्रिंगा आणि उंच गाडीच लागते.

उंचीचा मोह शर्यतीतही कायदा वाकवायला लावतो. 1981 मध्ये फॉर्म्युला वनने गाड्या जमिनीपासून किमान 6 सेंटिमीटर उंच असाव्यात असा नियम केला. मोजमाप मात्र गाडी थांबल्यावरच शक्य होते. ब्रॅबहॅम संघाच्या गॉर्डन मरेने वेग वाढला की हवेच्या दाबाने खाली बसणारे आणि वेग उतरला की सावकाश वर येणारे सस्पेन्शन बनवले. मोजणाऱ्यांसमोर 6 सेंटिमीटर भरायचे, ट्रॅकवर नाही. त्या वर्षीचे जगज्जेतेपद त्याच संघाच्या नेल्सन पिकेने मिळवले.

भारतातल्या सार्वजनिक रस्त्यावर अशी चतुराई चालत नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 मूळ रचनेपेक्षा वेगळे बदल करण्यास मनाई करते, आणि 9 जानेवारी 2019 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते कडकपणे लावले. स्प्रिंगा बदलण्याआधी आरटीओत चौकशी करणे आणि विमा कंपनीला कळवणे शहाणपणाचे. पाटा वाढवणाऱ्या पिकअपवाल्यालाही हेच लागू आहे.

5 किलोच्या स्प्रिंगला जुना शॉकॲब्सॉर्बर मात्र आवरू शकत नाही. स्प्रिंग जवळपास पावणेदोन पट कडक झाली की उड्या रोखायला त्याची ताकद सुमारे तीस टक्क्यांनी वाढावी लागते. ती कशी वाढवतात आणि जास्त वाढवली तर काय होते, ते पुढच्या आठवड्यात.