सुई, इस्त्री आणि विमानाची शेपटी

मैत्रिणींनो, २५ डिसेंबर २०२५ ला नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला आणि आमच्या विचुंब्यात गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्यांच्या माना वर जाऊ लागल्या. आमच्या शिवणवर्गातल्या एका मुलीने विचारलं, "काकू, एवढं धूड हवेत वळतं कसं हो?"

गंमत म्हणजे ते वळतं छोट्या छोट्या फळ्यांवर. दोन्ही पंखांच्या मागच्या कडेला बिजागरीवर हलणारी एकेक लांब फळी असते, ती एलेरॉन. डावी वर गेली की उजवी खाली येते आणि विमान डावीकडे कलतं. शेपटीची आडवी फळी, म्हणजे एलिव्हेटर, नाक वर-खाली करते. उभी फळी ती रडर, आपल्या होडीच्या सुकाणूसारखी. परदेशात हजारो हौशी लोक घरच्या गॅरेजमध्ये विमान बांधतात. त्यातले बरेचजण सुरुवात शेपटीपासूनच करतात. भाग लहान असतो, बिघडला तर थोडक्यात निभावतं.

आता आपल्या कामाचं सांगते. यातल्या कित्येक विमानांच्या या फळ्या कापडाच्याच असतात! हलक्या सांगाड्यावर पॉलिस्टरचं कापड चढवायचं, कडा चिकटवायच्या आणि चक्क इस्त्री फिरवायची. उष्णतेने कापड आकसतं आणि ढोलकीच्या पुडीसारखं ताणून बसतं. पण इस्त्रीचं तापमान आधी नीट मोजून घ्यावं लागतं, अंदाजपंचे चालत नाही. मग लांब सुईने, मेणाच्या दोऱ्याने ते सांगाड्याला शिवायचं. प्रत्येक टाक्याला गाठ, दोन टाक्यांतलं अंतर ठरलेलं. हे वाचताना मला तर आपली गोधडीच आठवली.

आणि हे काही आजचं नाही. १९०० साली राईट बंधू किटी हॉक गावी ग्लायडर घेऊन गेले, तेव्हा पंखांचं कापड बेतात बसवायला विल्बरने तिथल्या टेटबाईंचं शिलाई मशीन वापरलं होतं. काम झाल्यावर ते ग्लायडर तिथेच टाकून दिलं. टेटबाईंनी त्याचं साटीन उसवून आपल्या मुलींना फ्रॉक शिवले. बाई कुठलीही असो, चांगलं कापड वाया जाऊ देणार नाही!

पण खरी परीक्षा पुढे असते, तोल साधण्याची. स्कूटरवर पदर मोकळा राहिला तर कसा फडफडतो? तशी ही फळी वेगात फडफडू लागली, तर काही सेकंदांत शेपटी मोडू शकते. म्हणून बिजागरीच्या पुढच्या बाजूला शिशाचं वजन बसवून फळी तोलतात. रंगाचा एक जादा हातही मागचं वजन वाढवतो, म्हणून रंग दिल्यावर पुन्हा तोलायची. देखणेपणासाठी चारदा रंग फासणाऱ्याने हे विसरून चालत नाही.

आपल्याकडे हा ध्यास घेतला कॅप्टन अमोल यादव यांनी. कांदिवलीला, चारकोपमधल्या आपल्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान उभं केलं. ते धातूचं, म्हणजे तिथे सुईऐवजी पत्रा आणि रिव्हेट. फेब्रुवारी २०१६ मध्ये 'मेक इन इंडिया'च्या प्रदर्शनात ते मांडलं, तेव्हा बघायला गर्दी लोटली. पैशांसाठी घर आणि दागिने गहाण पडल्याचंही तेव्हा पेपरात आलं होतं. मला विमानाइतकंच त्या घरातल्या माणसांचं कौतुक वाटतं, आणि खरं सांगू, थोडी धास्तीही वाटते. गच्चीवर मुलगा पत्रे ठोकतोय आणि खाली कपाटातले दागिने कमी होताहेत, अशी वर्षं काढायला छाती लागते. बरं, विमान तयार झालं म्हणजे उडवता येतं असं थोडंच आहे! नोंदणी व्हायला नोव्हेंबर २०१७ उजाडला, आणि उड्डाणाच्या परवान्यासाठी त्यानंतरही जवळजवळ दोन वर्षं थांबावं लागलं.