बाकावर त्यालाही जागा हवी

शाळा सुरू व्हायची वेळ आली की घरोघरी वह्या-पुस्तकांची, गणवेशाची गडबड सुरू होते. पण ज्या घरातल्या मुलाला कमी दिसते, ऐकू येत नाही किंवा समज उशिरा येते, तिथे आई-वडिलांना एकच चिंता असते : शाळा याला घेईल का? ‘‘आमच्याकडे सोय नाही, याला विशेष शाळेत घाला,’’ हे उत्तर ऐकून कितीतरी पालक निमूटपणे माघारी येतात.

खरे तर माघारी येण्याचे कारण नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार धरले आहेत. अपंगत्व ४० टक्के किंवा अधिक असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. म्हणून सरकारी रुग्णालयातून अपंगत्वाचे प्रमाणपत्र आधी काढून घ्यावे आणि प्रवेशाचा अर्ज लेखी द्यावा.

मात्र पटावर नाव चढले म्हणजे मूल वर्गात सामावले असे नाही. कमी दिसणाऱ्याला पुढचा बाक आणि मोठ्या अक्षरांचे पुस्तक हवे. कमी ऐकू येणाऱ्यासाठी बाईंनी फळ्याकडे तोंड करून बोलू नये. उशिरा समजणाऱ्याला धडा लहान लहान टप्प्यांत शिकवावा. या गोष्टींना फारसा खर्च येत नाही. खरी उणीव आहे ती विशेष शिक्षकांची. प्राथमिक वर्गात अशा १० मुलांमागे आणि पुढच्या वर्गांत १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले. तरीही अनेक ठिकाणी एकच शिक्षक कितीतरी शाळा फिरत असतो.

सर्वच मुलांना एकच वाट मानवेल असेही नाही. जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलाला सुरुवातीला खुणांची भाषा शिकवणारी विशेष शाळा अधिक उपयोगी पडू शकते. निर्णय मुलाची गरज पाहून घ्यावा, शाळेची सोय पाहून नव्हे.

‘‘त्याच्यामुळे आमच्या मुलाचा अभ्यास मागे पडेल,’’ अशी भीती इतर पालकांना वाटते. पण चित्रे दाखवून, चिंचोके मोजून शिकवलेले गणित साऱ्या वर्गालाच चांगले समजते. शिवाय आपल्यापेक्षा वेगळ्या मुलाशी मैत्री कशी करावी, हे पुस्तकातून शिकता येत नाही. तेव्हा मुलाच्या वाढदिवसाला वर्गमित्रांना बोलावताना त्याचेही नाव यादीत आहे ना, एवढे जरूर पाहा.