शेवळं आणि काकडं

मे सरता सरता जव्हारच्या पठारावर वळवाच्या एक-दोन सरी येतात. माती जेमतेम भिजते, पण तेवढ्यावर जंगलातल्या पाचोळ्यातून शेवळं डोकी वर काढतात. पान नाही, फांदी नाही. जमिनीतून थेट एक देठ आणि त्याच्या टोकाला जांभळट-तपकिरी आवरणात मिटलेला फुलोरा. आदल्या संध्याकाळी जिथे नुसता पालापाचोळा होता, तिथे सकाळी हा कोंब उभा दिसतो. जव्हार-मोखाड्याच्या बायका याच सकाळची वाट पाहत असतात.

शेवळं ही सुरणाच्या कुळातली वनस्पती. शास्त्रीय नाव अ‍ॅमॉर्फोफॅलस कम्युटेटस, आणि घर फक्त पश्चिम घाट आणि त्याच्या पायथ्याचा परिसर. जमिनीखालचा कंद वर्षातून एकदाच फुलतो, तोही पान फुटण्याआधी. फुलोरा उमलला की त्याला कुजलेल्या मांसासारखा वास सुटतो आणि परागीभवन करणारे किडे त्या वासावर येतात. म्हणजे भाजीसाठी फुलोरा मिटलेला असतानाच हाती लागायला हवा. एक-दोन दिवसांचा उशीर झाला की तो कामातून गेला. शेवळं खुडण्याच्या कामात घाई आणि नजर दोन्ही लागतात ती यामुळे. कोणत्या उतारावर, कोणत्या झाडाखाली गेल्या वर्षी निघाली होती हे बाईच्या डोक्यात पक्के असते. आईबरोबर, आजीबरोबर फिरून ते डोक्यात उतरलेले असते.

पहाटे अंधारात निघायचे, टोपली भरायची, देठ सारखे जुळवून वेलीने किंवा सालीच्या दोरीने जुड्या बांधायच्या आणि उन्हे चढायच्या आत बाजार गाठायचा. काही जुड्या जव्हारच्या, मोखाड्याच्या, खोडाळ्याच्या बाजारात विकल्या जातात. बऱ्याचशा एसटीने आणि जीपने घाट उतरतात आणि पालघर, वसई, कल्याण, ठाणे, दादरपर्यंत पोचतात. तिथे रस्त्याच्या कडेला पोत्यावर जुड्या मांडलेल्या असतात, आणि शेजारी हिरव्या, रायआवळ्याएवढ्या आंबट फळांचे छोटे वाटे. ही काकडं. नवखे गिऱ्हाईक नुसती शेवळं उचलून निघाले की विकणारी त्याला थांबवते : “काकडं घे बाय, नायतर खाजल.”

ते बोलणे शब्दशः खरे आहे. शेवळांत कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. ते जिभेला, घशाला आणि चिरणारीच्या हातांनाही टोचतात. त्यावर उतारा आंबटाचा. चिंच किंवा आमसूल चालते, पण जाणकार काकडांवाचून शेवळं शिजवत नाहीत. काकडाचे झाड त्याच रानात असते आणि त्याची फळे नेमकी त्याच दिवसांत खुडायला येतात. खाज आणणारी भाजी आणि तिचा उतारा एकाच टोपलीत बाजारात यावेत, ही व्यवस्था रान ओळखणाऱ्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या चाखून, सोसून बसवलेली आहे.

साफ करणे ही यातली खरी कारागिरी. आधी हातांना तेल चोळायचे. देठावरची सालपटे सोलून काढायची. मग आवरण उघडायचे. आत एक दांडा असतो आणि त्याच्या बुडाशी पिवळसर, दाणेदार पट्टा. ही खरी फुले, आणि सर्वांत जास्त खाज त्यांच्यातच. तेवढा भाग नेमका काढून टाकायचा. उरलेला कोवळा भाग अगदी बारीक चिरायचा. काकडं उकडून किंवा ठेचून त्यांचा कोळ काढायचा आणि बिया टाकून द्यायच्या. शेवळं तेलावर चांगली परतल्यावर हा कोळ घालायचा आणि भाजी पुरती शिजेपर्यंत चव बघायची नाही. अर्धीकच्ची शेवळं चाखणाऱ्याला ती चूक दिवसभर आठवते. पाड्यावरच्या घरात यात कांदा, मिरची, मीठ आणि असला तर सुका जवळा, एवढेच पडते. शेजारी नागलीची भाकरी. नीट जमलेली भाजी काळपट, दाट आणि किंचित आंबट असते. खिम्याची आठवण यावी असा तिला दातांखाली भार असतो. शाकाहारी पानावर असा भार देणारी दुसरी भाजी मला माहीत नाही.

किनाऱ्यावरच्या आणि मुंबईच्या स्वयंपाकघरांनी हीच भाजी वेगळ्या थाटात वाढवली. सीकेपी आणि पाठारे प्रभू घरांत जून उजाडला की शेवळांची चौकशी सुरू होते. तिथे तिच्यात कोळंबी पडते, सोडे पडतात, कधी खिमा. नारळाचे वाटण येते. या घरांतल्या जुन्या बायका जुडी हातात घेताच ती आजची की कालची हे सांगतात. जव्हारच्या उतारावरची बाई आणि ठाण्याच्या ओट्यापाशी उभी असलेली बाई एकमेकींना ओळखतही नसतील, पण वर्षातले हे थोडे दिवस दोघींचे ज्ञान एकाच जुडीवर येऊन मिळते.

इटलीत आर्टिचोकचा हंगाम असाच साजरा होतो. आर्टिचोक म्हणजेही न उमललेली कळीच. रोमच्या बाजारांत साधारण फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत तिचे ढीग लागतात. विक्रेते सुरी धरून कळी गोल फिरवत बाहेरची राठ पाने उतरवतात आणि ती काळी पडू नये म्हणून लिंबाच्या पाण्यात टाकतात. रोमच्या जुन्या ज्यू वस्तीतल्या खाणावळी ती अख्खी तेलात तळतात, पाकळ्या कुरकुरीत होऊन फुलासारख्या उघडेपर्यंत. दुसरी रोमन रीत पुदिना आणि लसूण भरून मंद शिजवण्याची. रोमजवळच्या लादिस्पोली गावात एप्रिलमध्ये आर्टिचोकची जत्राच भरते. व्हेनिसजवळच्या सान्त एरास्मो बेटावरच्या झाडांची पहिली कळी लोक चढा भाव देऊन घेतात. त्या आठवड्यांत तिथल्या साध्या खाणावळीतही आर्टिचोक असतोच, आणि त्याच्यासाठी दुरून आलेला माणूस रिकाम्या पोटी परतत नाही.

जव्हारला आलेला माणूस मात्र परततो. दाभोसा धबधबा, हनुमान पॉइंट, मुकणे राजघराण्याचा जयविलास राजवाडा बघायला पावसाळ्यात गाड्यांची रांग लागते. हॉटेलांत या पर्यटकांच्या पानात पडते ते पनीर, फार तर गावठी कोंबडी आणि पिठले-भाकरी. ज्या तालुक्यांतून शेवळं मुंबईला जातात, त्या तालुक्यांच्या हॉटेलांत ती शोधावी लागावीत, याची मला मनापासून खंत वाटते. कृषी खाते गेली काही वर्षे रानभाज्यांचे महोत्सव भरवते, जागतिक आदिवासी दिनाच्या, म्हणजे ९ ऑगस्टच्या सुमारास. उपक्रम चांगला आहे. करटोली, भारंगी, कुर्डू, टाकळा लोकांसमोर येतात, पाककृती सांगितल्या जातात. पण ऑगस्टपर्यंत शेवळांचा हंगाम केव्हाच उरकलेला असतो. रानभाज्यांच्या वर्षातली पहिली मानकरी स्वतःच्याच उत्सवाला हजर नसते.

आणि ती पहिली आहे, हे इथल्या घरांसाठी फार मोलाचे आहे. दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्यातली कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर कामाला जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. घरातली नागली आणि भात तोवर संपत आलेले असतात, नवे पीक चार महिन्यांवर. १९९२ साली वावर-वांगणीत कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंनी सगळा महाराष्ट्र हादरला, ती गावे जव्हार तालुक्यातलीच. अशा दिवसांत रानातून पहिले ताजे अन्न येते ते शेवळांचे. मग कुलू, टाकळा, पुढे बांबूचे कोंब. म्हणून टोपलीतली किती शेवळं विकायची आणि किती चुलीवर चढवायची, हा त्या घरात दर सकाळी नव्याने करायचा हिशेब असतो. शहरात जुडीच्या भावावरून घासाघीस करणाऱ्याने हा हिशेब ध्यानात घ्यावा. त्या भावात पहाटेची पायपीट, एसटीचे भाडे आणि घरच्या पानातून काढलेला एक घास धरलेला असतो.

२००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क आदिवासींना दिला आहे. शेवळं त्यात येतात. मागणी वाढली तर रान ओरबाडले जाईल ही भीती खोटी नाही : फुलोरा खुडला की त्या वर्षीचे बी गेले. पण कंद जागेवर राहतो, जुलैत त्यातून छत्रीसारखे पान निघते आणि तेच पान कंदाला पुढच्या वर्षासाठी पोसते. म्हणून खुडताना कंद हलवायचा नाही आणि प्रत्येक जागी काही फुलोरे सोडायचे, एवढे पाळले तर रान टिकते.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. जव्हारला एक बाजार जूनच्या पहिल्या आठवड्यात, शेवळांच्या तारखेला भरावा. तिथे खुडणाऱ्या बायकांनीच शेवळं साफ करून दाखवावीत, शिजवावीत आणि नागलीच्या भाकरीबरोबर पान मांडून विकावीत. शिकवण्याचेही पैसे त्यांना मिळावेत. मुंबई-नाशिकची माणसे येतील. धबधबे तेव्हा कोरडे असले तरी येतील.