माहिती चौकट : खानदेशातील घरे, वाळवी आणि डास

जळगाव-धुळ्याकडील जुनी धाब्याची घरे ग्रीष्मात शीतल राहतात हे खरे. परंतु लाकूड आणि माती यांचा त्यांत जो निकट सहवास असतो, त्याला काळ्या जमिनीच्या स्वभावाची जोड मिळते. चैत्र-वैशाखात ही जमीन आकुंचन पावते, जोत्याला तडे जातात आणि त्यांतून चढणारी वाळवी भिंतीवर पेन्सिलीएवढी जाड मातीची नळी बांधीत तुळईपर्यंत पोचते. पक्व सागाचा गाभा ती सहसा टाळते. बाहेरचा फिकट भाग मात्र पोखरते. नळी मोडून कार्यभाग उरकत नाही, कारण वसाहत जमिनीखाली अबाधितच असते. तडे बुजवावे, न्हाणीची ओल थांबवावी, आणि दस्तऐवजांची पेटी भिंतीला कदापि टेकवू नये.

नव्या बांधकामात पायाच्या मातीवरच औषध शिंपडण्याची तजवीज भारतीय मानक ६३१३ मध्ये आहे. फरशी बसल्यावर तेच काम भोके पाडून करावे लागते.

नव्या-जुन्या सर्वच घरांना समान असलेला धोका कूलरचा, आणि त्याकडे होणारे दुर्लक्ष मला अधिक चिंताजनक वाटते. डेंग्यू पसरविणारी एडिस डासाची मादी टाकीच्या आत, पाण्याच्या रेषेलगत अंडी चिकटविते. ती कोरडी पडूनही कित्येक महिने तग धरतात. यास्तव आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून तिच्या कडा काथ्याने घासाव्या, आणि हंगाम सरल्यावर कूलर माळ्यावर चढविण्यापूर्वीही हाच बंदोबस्त करावा.